शेरा : वरची बाजू उघडी

श्रीपादमामांच्या काळ्या कोटाची पाठ, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, साडेएकवीस इंच. हे माप शिंप्याच्या टेपचं आहे. अर्धा इंच इकडेतिकडे धरावा.

पवन मावळात भात चांगलं पिकतं. आंबेमोहोर तर असा, की एका घरी शिजला की चार घरांना भूक लागते.

चिंचवडच्या एका गिअरच्या कारखान्याच्या गेटवर पाटी होती : 'आत आल्याची नोंद नसलेली कोणतीही वस्तू बाहेर सोडली जाणार नाही.' ही पाटी सावकाश तीनदा वाचली की डोकं गरगरायचं. म्हणून कोणी तीनदा वाचत नसे.

मोठ्या फिल्मच्या एका रिळावर बारा फोटो निघतात. तेरावा निघत नाही. विनंती केली तरी.

फ्लॅशगनचा उजेड पडायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पुन्हा पडायला चौदा सेकंद लागतात.

यशोदाबाई, वय वर्षं ब्याऐंशी. समोर कोणाचंही डोकं वाकलं की आशीर्वाद दिल्याशिवाय यांना राहवत नसे.

एवढं सांगून झालं. आता हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर कसं येऊन पडलं, ते सांगायचं राहिलं.

तो माणूस म्हणजे मधुसूदन. गिअरच्या कारखान्यात इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर म्हटल्यावर नातेवाईक पोलीस समजत आणि खाकी कपड्यांची चौकशी करत. मधुसूदन दातेरी चाकांचे दात मोजायचा. दात बरोबर असतील तर चाक पास, केसभर कमीजास्त असेल तर लाल पट्टी. नऊ वर्षांत त्याने एकही खोटी सही केली नव्हती आणि हे तो जेवताना सांगायचा.

त्याच्या घरी, स्टेशनजवळच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत, कपाटाच्या खालच्या खणात लग्नाचा अल्बम होता. काळी जाड पानं, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. नवीन पाहुणा आला की त्याची बायको पद्मजा अल्बम काढायची आणि सातव्या पानावर थांबायची.

"हा आमचा हार घालतानाचा."

पाहुणा वाकून बघायचा. फोटोत एक पाठ होती. काळ्या कोटातली, रुंद, भरभक्कम पाठ. डावीकडे मुंडावळीची दोन टोकं. उजवीकडे एक कोपर.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"मामांच्या पलीकडे."

श्रीपादमामा हे पद्मजाचे सख्खे मामा. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, तो त्यांनी रीतसर बजावला होता. पण अंतरपाट खाली आला, त्याच क्षणी बँड वाजलाच पाहिजे, अर्ध्या सेकंदाचाही उशीर म्हणजे अपशकुन, आणि ही खूण बँडवाल्याला आपल्याशिवाय कोणी करू शकत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून मंगलाष्टकं संपता संपता ते पुढे येत, हात वर करत, आणि फोटोवाल्याच्या नशिबी ती साडेएकवीस इंच येत.

"मग वहिनी कशा दिसत होत्या हो तेव्हा?" पाहुणा उगीच मधुसूदनला विचारायचा.

"चांगली," असं म्हणून मधुसूदन पाणी आणायला आत जायचा. पाहुण्यापुढे तांब्याभांडं भरलेलं असलं तरी जायचा.

अशी आठ वर्षं गेली. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पद्मजाच्या धाकट्या बहिणीचं, चित्राचं लग्न ठरलं. स्थळ आळंदीची एक धर्मशाळा, मुहूर्त दुपारी बारा वाजून सतरा मिनिटं. पद्मजा पत्रिका वाचत म्हणाली, "बाकी काही नाही झालं तरी चालेल. तिचा तो एक फोटो नीट येऊ दे."

"येईल," मधुसूदन म्हणाला. "मी काढीन."

पद्मजाने पत्रिका खाली ठेवली. "कशाने?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मधुसूदनकडे कॅमेरा नव्हता. पण त्याच्यासारख्या माणसाला एक फोटो काढायचा असतो तेव्हा तो एक फोटो काढत नाही. तो धंदा सुरू करतो. रात्रीचं जेवण होईपर्यंत ठरलं होतं, की रविवारी आणि रजेच्या दिवशी लग्नाचे फोटो काढायचे, चित्राचं लग्न ही पहिली ऑर्डर, आणि हे फोटोवाले हाताला येईल तो डबा गळ्यात अडकवतात तसं आपण करायचं नाही. आपण आधी साधन निवडायचं. शास्त्रशुद्ध.

(इथे एक सांगून ठेवलं पाहिजे. शास्त्रशुद्ध हा शब्द मधुसूदनने याआधी घरात दोनदा उच्चारला होता. एकदा उंदीर पकडताना आणि एकदा लोणचं घालताना. उंदीर अजून आहे.)

त्याने तक्ता आखला. उभे रकाने सतरा. वजन, भिंगाचा व्यास, भिंगाचा देश, शटरचा वेग, शटरचा आवाज, पट्ट्याची मजबुती, 'पडल्यास काय', 'पावसात काय', असे. आडव्या ओळींत कॅमेरे. प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्ता भिंतीवर लागला आणि वसाहतीत बातमी गेली.

पहिले आले शेजारचे अनंतराव. हे वीज मंडळात होते आणि जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं एकच मत असायचं.

"जर्मन घ्या."

"तुम्ही वापरलाय?"

"मी कशाला वापरू? माझ्या साडूच्या साहेबाकडे जर्मन इस्त्री आहे. पंचवीस वर्षं झाली, हूं का चूं नाही."

समोरच्या सुमनताई म्हणाल्या, "कॅमेरा कुठलाही घ्या हो भावोजी, पण शर्ट बदला. फोटोवाला कसा दिसला पाहिजे! आमच्या लग्नातल्याच्या गळ्याला रेशमी रुमाल होता. फोटो एक आला नाही, पण माणूस लक्षात राहिला."

मधुसूदनने तक्त्यात अठरावा रकाना आखायला घेतला आणि खोडला. हा रुमालासाठी होता. खरा अठरावा रकाना निराळाच असायला हवा होता, पण तो त्याला कोणी सांगितला नाही, आणि आत्ताच सांगितला तर गोष्ट इथेच संपेल.

कारखान्यातला लेथवाला ज्योतीराम लातूरकडचा. त्याने डबा खाता खाता तक्त्याची नक्कल पाहिली, बोट चाटलं आणि म्हणाला, "साहेब, उजेडाचा रकाना कुठाय? लोकं फोटो बघत नसतेत. फोटो आठ दिसानं येतो. लग्नात लोकं उजेड बघतेत. लख्ख पडला की म्हणतेत, फोटोवाला भारी हाय."

हे बोलणं मधुसूदनला अशास्त्रीय वाटलं. पण फ्लॅशगन त्याने घेतली ती पुरणाच्या ताटाएवढ्या तबकडीची. तिची बॅटरी खांद्याला अडकवायची वेगळी पेटी होती. पेटी सुरू केली की ती बारीक आवाजात रडायची, आणि चौदा सेकंदांनी रडं थांबलं की तयार.

शेवटी तो चिंचवड गावातल्या भीमराजकडे गेला. भीमराज बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढत होता. त्याच्या गळ्यात घडी होऊन मिटणारा जुना कॅमेरा होता, डोळ्याला लावून बघायचा, कोपरे झिजलेला. मधुसूदनच्या तक्त्यात त्या जातीला एकूण बावन्न गुण मिळाले होते. पहिला आला होता दोन भिंगांचा उभा कॅमेरा, एकशे एकतीस गुण. एका भिंगातून बघायचं, दुसऱ्याने फोटो निघायचा. डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा. वरची चार पातळ झाकणं उघडली की विहिरीत डोकावल्यासारखं खाली बघायचं, आणि तळाशी काचेवर सगळं चित्र दिसायचं, रंगीत, हलतं, फक्त डावं-उजवं उलटं.

"हा घेणार," मधुसूदन म्हणाला.

भीमराजने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "छान आहे. अक्षर छान आहे."

"तुम्ही हा जुनाच का वापरता?"

"वापरतो झालं."

"काही कारण?"

भीमराज हसला. "लग्नात कळेल."

मधुसूदनने हा धंद्यातला मत्सर समजून सोडून दिला.

रविवार पेठेतल्या एका दुकानातून दोन भिंगांचा कॅमेरा घरी आला, वापरलेला पण निगुतीने राखलेला. पुढच्या रविवारी वसाहतीच्या आवारात तालीम झाली. अनंतराव नवरदेव, त्यांच्या पत्नी नवरी. हे त्यांचं दुसऱ्यांदा लग्न लागत असल्यामुळे दोघंही जरा सावध होते. सोलापुरी चादरीचा अंतरपाट, मामांच्या जागी सुमनताईंचे यजमान. पद्मजाने मंगलाष्टकं म्हटली. प्रत्येक 'सावधान'ला वीसेक माणसांनी हात वर करून अक्षता टाकल्यासारखं केलं.

टाकल्यासारखं. कारण तांदूळ रेशनचा होता आणि पद्मजाने स्पष्ट सांगितलं होतं, की तालमीसाठी तांदळाचा एक दाणा मिळणार नाही, हात हलवा. सगळ्यांनी मन लावून रिकामे हात हलवले. चादर खाली आली, हार पडले, उजेड लख्ख पडला, वसाहतीतली सगळी कुत्री पळाली. फोटो उत्तम आला. अनंतराव त्यात जर्मन दिसत होते.

लग्नाला चार दिवस उरले. इथवर आलेला शहाणा माणूस स्वस्थ बसला असता.

मधुसूदनला शंका आली, की कॅमेऱ्याचं भिंग तळाशी काटकोनात आहे का? इन्स्पेक्शनच्या खोलीत आरशासारखी सपाट लोखंडी फरशी होती. तिच्यावर ठेवून पाच मिनिटांत कळलं असतं. त्याने सकाळी कॅमेरा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातला, वर पोळ्यांचा रुमाल टाकला आणि आत नेला. दुपारी मोजला. काटकोन बिनचूक होता. मधुसूदनला जे समाधान झालं ते पोटच्या पोराला पहिला नंबर मिळाल्यावर होतं तसलं.

संध्याकाळी गेटवर हिंदुराव होते. हे फौजेतून निवृत्त होऊन कारखान्याच्या गेटवर आलेले. मिशी तिथलीच, नियम तिथलेच. त्यांनी पिशवीत हात घातला.

"साहेब, हे काय?"

"कॅमेरा. माझा आहे."

"कुठनं आला?"

"मीच आणला सकाळी."

हिंदुरावांनी वही उघडली, बोट फिरवलं. "सकाळच्या नोंदीत न्हाई."

"नोंद करायची राहिली."

"मग आला न्हाई."

"अहो हिंदुराव, हा काय समोर आहे!"

"हाय की. पर आला न्हाई. जे आलंच न्हाई ते भाईर कसं सोडू? तुमीच सांगा."

मधुसूदनने पाटीकडे पाहिलं आणि ती सावकाश तीनदा वाचली. मागे शिफ्ट सुटलेल्या शे-दीडशे माणसांची रांग लागली होती. मागून कोणीतरी ओरडलं, "सायबांनी डब्यात काय आणलं रं?" दुसऱ्याने सांगितलं, "नवा रेडिओ." रांगेच्या शेवटापर्यंत बातमी पोचली तेव्हा मधुसूदन कारखान्यातला मोठा माल घेऊन पळताना सापडला होता.

कॅमेरा हिंदुरावांच्या लोखंडी कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी मधुसूदन खात्याच्या साहेबांकडे गेला. त्यांनी स्टोअरकडे पाठवलं. स्टोअरने सांगितलं, आमच्याकडे आला नाही तर आमच्याकडून जाणार कसा, तुम्ही खरेदी विभागाकडे जा. खरेदी विभागातल्या गृहस्थांनी प्रेमाने बसवलं, चहा दिला आणि विचारलं, की कंपनीने हा कॅमेरा विकत घेतल्याचं दाखवून नंतर लिलावात काढला तर? लिलाव दिवाळीनंतर असतो.

लग्नाला दोन दिवस.

घरी पद्मजाने फक्त अल्बम काढून पुसला आणि परत ठेवला. मधुसूदनला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सुटका ज्योतीरामने केली. "साहेब, ह्या गेटातून बिनबोभाट काय भाईर जातंय? रोज जातंय. तुमीच पाठवताव."

"काय?"

"नापास माल."

खरंच की. बाहेरच्या पुरवठादाराचा माल तपासणीत नापास झाला की त्याला लाल पट्टी लागायची आणि तो परत जायचा. त्याला आल्याची नोंद विचारत नसत. एवढा वाईट माल कशाला कोण आणेल, असं बहुधा त्यामागचं तत्त्व असावं. फक्त पट्टीवर इन्स्पेक्टरची सही लागायची.

मधुसूदनने फॉर्म घेतला आणि हिंदुरावांच्या कपाटातला कॅमेरा 'तपासणीसाठी' म्हणून आत मागवला.

माल : फोटो काढण्याचे यंत्र.
नग : एक.
पुरवठादार : मधुसूदन.
तपासणारा : मधुसूदन.
निकाल : नापास.
कारण :

इथे पेन थांबलं. एकशे एकतीस गुण मिळवलेला, काटकोनात बिनचूक, स्वतः निवडलेला कॅमेरा. त्याच्यात खोट कुठली लिहायची? आणि नसलेली खोट लिहायची तर नऊ वर्षांच्या सहीचं काय? तो वीस मिनिटं तसाच बसला. ज्योतीराम दोनदा येऊन गेला. "लिहा की काहीबी, 'गंजला' म्हणा." पण गंजलेला नव्हता. शेवटी मधुसूदनने कॅमेरा पुढे घेतला, चार पातळ झाकणं उघडली, आत डोकावला आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं :

'वरची बाजू उघडी. बाहेरचा पदार्थ आत जाण्याची शक्यता.'

सही केली. घरी जाताना त्याला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपण उगीचच्या उगीच एक माल नापास केला.

हिंदुरावांनी फॉर्म वाचला, सलाम ठोकला आणि लाल पट्टी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला स्वतः बांधली. फौजेतली गाठ होती. ती सोडायला मधुसूदनने दात, सुया आणि उलथन्याचं टोक वापरून पाहिलं. कातडी पट्टा कापावा लागला असता. पट्टी राहिली.

म्हणून आळंदीच्या धर्मशाळेत, इंद्रायणीकडच्या दारातून, नवा शर्ट, गळ्यात रुमाल (सुमनताईंचा), खांद्याला रडणारी पेटी आणि पोटाशी 'नापास' अशी ठळक लाल पट्टी लावलेला कॅमेरा घेऊन फोटोवाला आत शिरला तेव्हा वराकडच्या एका तरुणाने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "काय हो, आधीच्या लग्नातनं परत पाठवलं का काय?"

मधुसूदनने खडूने जमिनीवर एक चौकोन काढला आणि श्रीपादमामांना बोलावलं.

"मामा, या वेळी तुम्ही इथे उभं राहायचं. या चौकोनात. काही झालं तरी."

"मी कधी मध्ये येतो का रे?" मामा अगदी मनापासून म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते!

वराकडची मंडळी पवन मावळातली, घरची भातशेती. मुलगा देहू रोडला नोकरीला. मुलाची आजी म्हणजे यशोदाबाई, बोहल्यासमोर, फोटोवाल्याच्या जागेजवळच, काठी टेकून उभ्या. मधुसूदन फोटोसाठी पोटाशी कॅमेरा धरून मान खाली घालायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यावर एक सुरकुतलेला हात यायचा.

"औक्षवंत हो रं बाबा."

"आजी, मी फोटो काढतोय."

"व्हय व्हय. सुखाचा संसार कर."

पहिल्या चार फोटोंत चार आशीर्वाद मिळाले आणि चारही फोटो हलले. पाचव्या वेळी काचेवर डावं-उजवं उलटं दिसत असल्याचं विसरून त्याने गुरुजींना सांगितलं, की मुलाकडच्यांनी पाट चुकीच्या बाजूला मांडलेत. गुरुजींनी चाळीस वर्षांत लावलेल्या लग्नांची संख्या सांगितली. मधुसूदनने माफी मागितली. मान खाली होतीच.

बारा वाजून दहा मिनिटं. अक्षता वाटल्या गेल्या. मुलीकडच्या अक्षता पद्मजाकडे होत्या आणि ती प्रत्येकाच्या तळव्यावर मोजून पाच-सहा दाणे ठेवत होती. तेवढ्यात वराकडच्या दोघांनी दोन पाट्या आणल्या. शिगोशीग. कुंकवाने माखलेला घरचा आंबेमोहोर.

"घ्या घ्या, मूठभरून घ्या! घरचं भात हाय, लाजू नका!"

दोनशे माणसांनी मुठी भरल्या. रेशनवर जगणारे तर जास्तच भरत होते.

मामांनी चित्राला आणलं आणि ते चौकोनात उभे राहिले. अंतरपाट धरला गेला. मधुसूदन दोघांच्या बरोबर मध्ये, सहा पावलांवर. झाकणं उघडली. काचेवर चित्रा, अंतरपाट, नवरामुलगा. इतकं स्वच्छ, इतकं सुंदर चित्र त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. पद्मजा खांबाशी उभी राहून त्याच्याकडेच बघत होती.

पहिलं मंगलाष्टक. सावधान.

आधी एक दाणा टप्पकन काचेवर पडला. मधुसूदनला वाटलं, चित्राच्या नाकावर काय बसलं? मग दहा. मग धोधो. दोनशे मुठींतला जेवढा आंबेमोहोर त्या बाजूने पडायचा होता तो सगळा विहिरीत पडल्यासारखा त्या चार झाकणांमध्ये पडला. नवरामुलगा बुजला, अंतरपाट बुजला, चित्रा कपाळापर्यंत बुजली. उरला लाल-पांढरा ढीग आणि त्याचा सुरेख वास.

वरची बाजू उघडी. बाहेरचा पदार्थ आत जाण्याची शक्यता.

मधुसूदनला भीमराजचं हसू आठवलं. त्याने कॅमेरा उलटा केला, झटकला, बोटांनी कोपरे उकरले. काच दिसायला लागली तोच दुसरं सावधान. पुन्हा ढीग. झाकण मिटावं तर दिसत नाही, उघडावं तर भरतं. तिसरं सावधान. चौथं. मागून तो तरुण म्हणाला, "फोटोवाले, उरलेला तांदूळ घरी न्या!" मुलाच्या दोन आत्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती, एकेक बारा ओळींचं. एरवी अशा मंगलाष्टकांवर मधुसूदन फार कडक बोलायचा. आज त्याला वाटलं, आत्यांना शंभर वर्षं आयुष्य मिळो आणि यांनी आणखी लिहावं.

पण आत्यांचं संपलं. गुरुजींनी शेवटच्याला सुरुवात केली. मधुसूदन गुडघ्यावर बसून तांदूळ उकरत होता, मान खाली. डोक्यावर हात आला.

"शतायुषी हो!"

या वेळचा आशीर्वाद इतका जोरकस होता, की त्याचं बोट दाबलं गेलं. लख्ख उजेड पडला. जमिनीचा एक फोटो निघाला आणि पेटी रडायला लागली.

चौदा सेकंद.

गुरुजींनी दुसरी ओळ घेतली. तेरा, बारा, अकरा. मधुसूदन उठून उभा राहिला. काच पुन्हा भरलेली. तिसरी ओळ. आठ, सात. आणि तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, की काळा कोट हलला. एक पाय चौकोनाबाहेर आला. मग दुसरा. श्रीपादमामा बँडवाल्याकडे बघत, हात वर करत, आपल्या श्रद्धेने ओढल्यासारखे पुढे आले आणि मधुसूदनच्या समोर ती उभी राहिली. साडेएकवीस इंच.

आठ वर्षांपूर्वीची पाठ. तोच कोट.

मधुसूदनला रडू आलं. त्याने काही केलं असेल तर एवढंच, की तांदूळ झटकायला कॅमेरा डोक्यावर नेऊन उलटा धरला. तांदूळ त्याच्या चेहऱ्यावर, रुमालात, शर्टात पडला. तो वर बघतच होता. उघडं तोंड आता जमिनीकडे होतं, आत काही पडणं शक्यच नव्हतं, आणि डोक्यावरच्या त्या स्वच्छ काचेवर, मामांच्या पलीकडचं सगळं, चित्रा, अंतरपाट, नवरामुलगा, हारांसहित, लख्ख सुलटं दिसत होतं.

पेटीचं रडं थांबलं.

सावधान!

अंतरपाट खाली आला. मधुसूदनने दाबलं. एकाच क्षणी दोनशे मुठी सुटल्या, उजेड पडला, मामांची खूण झाली, बँड वाजला.

आणि पुढे तो दोन्ही हात वर करून तसाच उभा राहिला. खांबाशी पद्मजा पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, ते त्याला उलटं-सुलटं काही कळेना.

फिल्म भीमराजने धुतली. बारातले चार हललेले, सहा माणसांचे, एक जमिनीचा. आणि एक.

भीमराजने तो ओला फोटो चिमट्याला लावला आणि बराच वेळ बघत राहिला. चित्राचे दोन्ही हात हारासकट उचललेले, नवऱ्यामुलाचं तोंड आश्चर्याने अर्धवट उघडं, आणि दोघांच्या मध्ये हवेत थांबलेले तांदळाचे शेकडो दाणे. खालच्या कडेला, नारळासारखं गुळगुळीत, अक्षतांनी भरलेलं एक टक्कल.

"शिडी होती का?" भीमराजने विचारलं.

"नाही."

"माझ्याकडेही दोन भिंगांचा होता. वर्षभर वापरला, विकून टाकला. असं उलटं धरायचं सुचलं नाही."

"तेव्हाच सांगायचं होतंत मला, अक्षतांचं!"

"सांगितलं असतं," भीमराज म्हणाला. "पण तुमच्या तक्त्यात रकाना नव्हता."

महिन्याने श्रीपादमामा घरी आले. पद्मजाने चित्राचा फोटो आपल्याही अल्बमात लावला होता, सातव्या पानावर, पाठीच्या शेजारी.

"वा! हे टक्कल कोणाचं?"

"तुमचं, मामा."

"आणि ही पाठ?"

"तीही तुमचीच."

मामा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. चहा निवला. "म्हणजे मी मध्ये येतो की काय?"

"छे हो," पद्मजा म्हणाली. "तुमच्यामुळे तर आला हा फोटो."

हे म्हटलं तर खरं होतं. मधुसूदनने तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहूनही ठेवलं.

त्या मोसमात त्याने आणखी सहा लग्नं काढली. आकुर्डीपासून आळंदीपर्यंत लोक त्याला डोक्यावरचा फोटोवाला म्हणायला लागले. लाल पट्टी तशीच होती. एका यजमानाने ती परदेशी कंपनीची खूण समजून कौतुकही केलं. कॅमेरा हलवला की आत कुठेतरी एक दाणा खुळखुळायचा. भीमराज म्हणाला, खोलून काढून देतो. मधुसूदन नको म्हणाला. इन्स्पेक्टर माणूस, पण नको म्हणाला.

एकोणीसशे सहासष्ट साली, अंतरपाट दूर होऊन पद्मजाने हार घातला तेव्हा मधुसूदनचे दोन्ही डोळे मिटलेले होते, म्हणून ती तेव्हा कशी दिसत होती ते त्याने पाहिलंच नव्हतं. उजव्यात अक्षता गेली होती.